नाशिकची वाइन टूर जबाबदारीनं कशी करावी: तारीख ठरवण्यापासून रिकाम्या बाटलीपर्यंत

आधी एक हिशेब. मुंबई ते नाशिक रस्त्यानं साधारण १७० किलोमीटर, जाऊन-येऊन ३४०. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला सुमारे २२-२३ लिटर पेट्रोल लागतं आणि एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका फेरीचे ५० किलोंहून जास्त. वाइनच्या एका बाटलीचा, बागेपासून काचेपर्यंत सगळा धरून, असाच हिशेब केला तर तो एक ते दोन किलोंच्या घरात बसतो. वाइनरीनं छतावर कितीही सोलर पॅनल बसवली असली तरी तुम्ही दोघंच गाडी घेऊन गेलात, तर एका खोक्यातल्या बारा बाटल्यांपेक्षा तुमची गाडीच जास्त धूर करून येते. म्हणून टूर पर्यावरणाला धरून करायची असेल तर सुरुवात वाइनपासून नको, प्रवासापासून करा. पुढचे सगळे टप्पे त्याच क्रमानं दिले आहेत.

तारीख: काय बघायचं आहे त्यावर ठरवा

नाशिकच्या बागांचं वर्ष दोन छाटण्यांवर चालतं. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पहिलीत वेल जवळजवळ बोडकी करतात आणि नव्या काड्या वाढवतात. दुसरीनंतर त्या काड्यांवर फळ येतं. नोव्हेंबरात फुलोरा आणि मणी धरणं, डिसेंबर-जानेवारीत मण्यांत रंग भरणं, आणि साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत तोडणी. वाइनरी प्रत्यक्ष चालू, द्राक्षं येताहेत, टाक्या खदखदताहेत असं बघायचं असेल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा ते मार्चची सुरुवात हा काळ धरा. जून ते सप्टेंबरमध्ये डोंगर हिरवेगार असतात, पण वेलीवर घड नसतो. तेव्हा लोक फोटो छान काढतात आणि द्राक्षं दिसली नाहीत म्हणून हिरमुसतात. एप्रिल-मेमध्ये बाग उघडी आणि उन्हाचा कडाका. त्या दिवसांत टूर म्हणजे मुख्यतः टाक्या आणि टेस्टिंग.

वार मात्र मंगळवार ते गुरुवार यांतलाच घ्या. शनिवार-रविवारी गंगापूर रोडला गाड्यांची रांग लागते, एका गाइडमागे पंचवीस-तीस माणसं असतात आणि प्रश्न विचारायला सवड मिळत नाही. सुला वाइनरीच्या सुलाफेस्टसारख्या कार्यक्रमाच्या दिवसांत संगीत ऐकायला जरूर जा, वाइनरी बघायला नको. येणाऱ्या काळासाठी एक लक्षात ठेवा: सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. तेव्हा नाशिकच्या रस्त्यांवर, पाण्यावर आणि खोल्यांवर आधीच ताण असेल, त्यात आपली भर घालू नये.

ड्राय डे तपासा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर तर ठरलेलेच. शिवाय निवडणुकीचे आणि मतमोजणीचे दिवस असतात आणि काही सणांनाही बंदी लागू होते. त्या दिवशी बाग बघता येईल, ग्लास मिळणार नाही. बुकिंगच्या फोनवरच विचारून घ्या.

एक दिवस, एकच पट्टा

सगळ्यात जास्त वाया जाणारं पेट्रोल इथे असतं. दिवसात चार वाइनऱ्या करू असं म्हणून लोक दिंडोरीहून इगतपुरीला आणि तिथून परत गंगापूरला पळतात. नाशिकच्या वाइनऱ्या एका ओळीत नाहीत, चार दिशांना आहेत.

गंगापूर धरणाचा पट्टा शहराला सगळ्यात जवळ. सुला १९९९ पासून इथे आहे आणि २००५ मध्ये तिनं टेस्टिंग रूम उघडली. यॉर्क तिथून अगदी हाकेच्या अंतरावर (२०२१ पासून तीही सुलाच्याच मालकीची), आणि सोमा पुढे गंगाव्हरेकडे, धरणाच्या पाण्यालगत. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हाच पट्टा घ्यावा. इगतपुरी-घोटीकडचा दुसरा पट्टा: सांजेगाव परिसरात ग्रोव्हर झाम्पा आणि मुकणे धरणाच्या बाजूला व्हॅलोन. इथे गर्दी कमी आणि डोंगर जवळ. मुंबईकरांना इगतपुरी किंवा घोटीला उतरून नाशिक शहरात न शिरताच हा दिवस करता येतो. तिसरा दिंडोरीचा, जिथे शाँदोंची स्पार्कलिंग वाइन बनते. आत पाहुण्यांना प्रवेश कधी आहे ते आधी विचारल्याशिवाय निघू नका. चौथा निफाड-विंचूरकडचा. तिथे वाइन पार्क आहे आणि जवळच नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात सकाळी पक्षी आणि दुपारी वाइनरी असा दिवस तिथे छान जमतो.

एका दिवसाला दोन वाइनऱ्या पुरेत. एक मोठी आणि एक लहान अशी जोडी घ्या. मोठीत यंत्रं, प्रमाण, सांडपाण्याची व्यवस्था दिसते. लहान ठिकाणी कधी कधी खुद्द वाइनमेकर भेटतो आणि टाकीतून थेट चाखायला देतो. तिसरी वाइनरी घुसवलीत तर तिथवर जीभ थकलेली असते आणि तुम्ही केवळ पिता, चाखत नाही.

जायचं कसं

मुंबईहून नाशिकरोडला सकाळच्या गाड्या चांगल्या आहेत. तपोवन एक्सप्रेस आणि शिर्डी वंदे भारत या दोन्ही सकाळी लवकर सुटतात आणि दहाच्या आत नाशिकरोडला पोचवतात. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस नसते, म्हणून वार बघून तिकीट काढा. संध्याकाळी परतीला शिर्डीहून येणारी वंदे भारत मिळते. तिच्यावर भिस्त ठेवणार असाल तर दुपारी चारनंतर नवी टेस्टिंग सुरू करू नका. गंगापूर धरण ते नाशिकरोड स्टेशन हे साधारण २० किलोमीटरचं अंतर संध्याकाळच्या रहदारीत तास खातं, कधी त्याहून जास्त.

पुण्याहून थेट रेल्वेमार्ग नाही. कल्याणवरून वळसा घालावा लागतो. त्यापेक्षा एसटी बरी. विजेवरच्या ई-शिवाई बस या मार्गावर आहेत.

नाशिकरोड ते सीबीएस (शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक) सिटीलिंक या शहर बससेवेच्या बस भरपूर आहेत. सीबीएसहून गंगापूर-गिरणारे बाजूला मात्र फेऱ्या शहरातल्याइतक्या नाहीत, शिवाय मुख्य रस्त्यापासून वाइनरीच्या फाटकापर्यंत चालावं लागतं. सकाळी जाताना बस, येताना रिक्षा किंवा टॅक्सी हा तोडगा बहुतेकांना जमतो. पाच-सहा जणांचा गट असेल तर दिवसभरासाठी एक सीएनजी किंवा इलेक्ट्रिक गाडी ड्रायव्हरसह करा. ठरवतानाच दोन गोष्टी बोलून घ्या: तुम्ही आत असताना एसी चालू ठेवून गाडी उभी राहणार नाही, आणि ड्रायव्हरच्या जेवणाचे पैसे वेगळे. दुसरी गोष्ट बोलली नाही तर तो बिचारा भर उन्हात गाडीतच बसतो आणि एसी चालूच राहतो.

स्वतःची गाडी न्यायचीच असेल तर चालवणाऱ्यानं एक घोटही घेऊ नये. का, ते आकड्यात बघा. साधारण टेस्टिंगमध्ये ३० मिलीचे सहा घोट असतात, म्हणजे १८० मिली. वाइनमध्ये अल्कोहोल १२.५ टक्के धरलं तर ते जवळपास १८ ग्रॅम होतं. ६० किलो वजनाच्या पुरुषाच्या १०० मिली रक्तात त्यानं ढोबळमानानं ४० मिलिग्रॅमच्या वर जातं, ५५ किलोच्या बाईच्या रक्तात ५५-६० पर्यंत. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'नुसती टेस्टिंगच तर केली' हे कारण नाकाबंदीवर चालत नाही.

मुक्काम करायचा तर वाइनरीजवळच करा, म्हणजे दुसऱ्या दिवशीची गाडी वाचते. गंगापूर धरणाशी एमटीडीसीचं ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे, काही वाइनऱ्यांच्या स्वतःच्या खोल्या आहेत. फक्त एक: डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री थंडी चांगलीच असते, खोलीतला हिटर रात्रभर चालवण्यापेक्षा स्वेटर न्या.

बुकिंगच्या फोनवर विचारायचे प्रश्न

टूर कंपनीमार्फत जात असाल किंवा थेट वाइनरीला फोन करत असाल, हे विचारा:

- एका गाइडमागे किती माणसं? दहा-बारापर्यंत ठीक. त्यावर गेलं की टाक्यांच्या आवाजात मागच्याला ऐकू येत नाही.
- बागेत नेणार का, की फक्त काचेतून दाखवणार?
- सांडपाणी प्रक्रिया केंद्र बघता येईल का? बहुतेकदा 'बघतो' असं उत्तर येतं. तरी विचारा; आधी विचारलेलं असलं की दाखवण्याची तयारी होते.
- टूर मराठीतून मिळेल का? पुष्कळ गाइड आसपासच्या गावांतले असतात आणि मराठीत बोलताना बागेबद्दल दुप्पट सांगतात.
- टेस्टिंगच्या बाटल्या आज उघडणार की कालच्या?

टूर आणि टेस्टिंगचे दर सतत बदलतात, शनिवार-रविवारी वेगळे असतात. काही ठिकाणी प्रवेशशुल्काची रक्कम आत खरेदीत वळती करून मिळते. ती पावती जपा. सोबत वयाचा पुरावा हवाच: महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१. मद्यसेवनाचा परवाना लागतो तो एक दिवसाचा, तिथल्या तिथे मिळण्याची सोय आहे का तेही विचारून ठेवा.

सकाळी काय टाळायचं

नाशिकला उतरलं की मिसळ खायची हे ठरलेलं असतं. खा, पण टेस्टिंगनंतर. काळ्या मसाल्याच्या तर्रीनं जीभ तासभर तरी बधिर होते आणि मग पांढरी सोव्हिन्यॉं ब्लां काय नि लाल शिराझ काय, सगळं आंबट-कडू लागतं. सकाळी पोहे, उपमा, इडली असं काहीतरी पोटभर घ्या. रिकाम्या पोटी टेस्टिंग ही चक्कर येण्याची हमखास वाट आहे. अत्तर, परफ्यूम लावू नका. तुमच्यासाठी नाही, शेजारच्यासाठी. पान-तंबाखू आधी दोन तास बंद.

पिशवीत: स्टीलची पाण्याची बाटली, टोपी, बंद बूट आणि बाटल्या आणायला दोन जाड कापडी पिशव्या. बागेतली माती काळी, चिकट. पाऊस झाला असेल तर चपला तिथेच राहतात.

बागेत

बागेत शिरताना बूट झटका, एका बागेतून दुसऱ्या बागेत जाणार असाल तर मातीचे गोळे काढून टाका. मातीबरोबर सूत्रकृमी आणि बुरशी प्रवास करतात. घड तोडून तोंडात टाकू नका. तोडणीच्या आधी ठरावीक दिवस फवारणी बंद असते, पण त्या ओळीचे दिवस भरले की नाही ते तुम्हाला माहीत नसतं.

खायच्या द्राक्षांची बाग पाहिलेल्या माणसाला वाइनची बाग किरकोळ वाटेल. थॉम्पसन या खायच्या जातीचा मांडव किंवा इंग्रजी वाय आकाराचा आधार डोक्यावर असतो, घड लांब, मणी टपोरे. वाइनच्या वेली तारांवर उभ्या वाढवलेल्या, कमरेच्या आसपास घड, मणी बारीक, साल जाड. इथे मणी फुगवायला जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड हे संजीवक) देत नाहीत, कारण रंग आणि चव सालीत असते आणि मणी जितका लहान तितकं रसाच्या मानानं साल जास्त. पाणीही हात राखून देतात.

पाणी हाच इथला नाजूक विषय. गंगापूर धरणातून नाशिक शहर पितं आणि नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून टंचाईच्या वर्षी दरवेळी वाद पेटतो. म्हणून गाइडला विचारा: ठिबकचं पाणी कुठून येतं, विहीर, बोअर, शेततळं की धरण? ओळीखाली उसाचं पाचट किंवा दुसरं आच्छादन आहे का? दोन ओळींमध्ये गवत ठेवलंय की जमीन तणनाशकानं उघडी केली आहे? वाकून बघा. ठिबकच्या नळीखाली आच्छादन असेल तर माती दुपारीही ओलसर लागते. उघड्या जमिनीला भेगा असतात. इतकं बघायला गाइडची गरज नाही.

आणि द्राक्षं कोणाची ते विचारा. नाशिकच्या बऱ्याच वाइनऱ्या करारावरच्या शेतकऱ्यांकडून माल घेतात. करार किती वर्षांचा, भाव किलोवर की साखरेच्या प्रतीवरही, गारपीट झाली तर काय होतं? फेब्रुवारी-मार्चची गारपीट नाशिकच्या शेतकऱ्याला नवी नाही. या प्रश्नाला सरळ उत्तर देणारी वाइनरी बाकी गोष्टींतही बहुधा सरळ असते. तोडणीला आणि छाटणीला पेठ, सुरगाण्याकडून मजूर येतात. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

वाइनरीत: काय बघायचं, कुठे थांबायचं

गाइड तुम्हाला बॅरल रूममध्ये जास्त वेळ थांबवेल, कारण तिथला फोटो छान येतो. पिंप २२५ लिटरचं, ओकचं, साधारण ३०० बाटल्यांचं; बघून घ्या आणि पुढे चला. पर्यावरणाच्या दृष्टीनं खरा मामला दोन ठिकाणी असतो: थंडाव्यात आणि पाण्यात.

थंडावा आधी. पांढऱ्या वाइनचा रस साधारण १२ ते १६ अंशांवर आंबवतात, लाल वाइन २४ ते ३० अंशांवर. युरोपात तोडणी शरद ऋतूत होते. आपल्याकडे ती ऊन चढत जाणाऱ्या महिन्यांत. त्यामुळे नाशिकच्या वाइनरीचं विजेचं मोठं बिल थंड करण्याचं. दुपारी २८ अंशांवर आलेला एक टन माल १४ वर आणायचा तर सुमारे १४-१५ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता काढावी लागते. चिलर चांगला असेल तर त्याला साधारण ५ युनिट वीज लागते. हाच माल पहाटे, १२-१४ अंशांवर तोडून सात वाजता आणला तर हे काम जवळजवळ फुकटात होतं. म्हणून विचारा: तोडणी किती वाजता करता? 'पहाटे चारपासून, हेडलॅम्प लावून' हे चांगलं उत्तर. 'दिवसभर' हे महागडं उत्तर, आणि त्याचा फटका चवीलाही बसतो, कारण तापलेल्या द्राक्षांचा रस ट्रॉलीतच सुटून काळवंडू लागतो.

टाकीजवळ गेलात की बाहेरून हात लावून बघा (परवानगी घेऊन). टाकीच्या पोटाभोवती जॅकेट असतं, त्यातून ग्लायकॉलचं थंड पाणी फिरतं. पाइपवर फोमचं आवरण नीट आहे की फाटून बर्फ धरलंय? बर्फ धरलेला उघडा पाइप म्हणजे वीज हवेत सोडणं. सोलर पॅनलच्या पाटीपेक्षा या पाइपावरून जास्त कळतं. आंबवण चालू असलेल्या टाकीच्या तोंडावर मात्र वाकू नका. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो जड असतो, खाली साचतो आणि त्याला वास नसतो. बंद खोलीत तो जीवघेणा ठरतो. म्हणूनच तोडणीच्या काळात काही भाग पाहुण्यांना बंद ठेवतात. त्यावर वाद घालू नका.

आता पाणी. वाइनरीतलं बहुतेक पाणी वाइनमध्ये जात नाही, धुण्यात जातं: टाक्या, प्रेस, पाइप, फरशी. एका लिटर वाइनमागे काही लिटर पाणी लागतं, आणि किती काटकसरीनं धुतात त्यावर हा आकडा दुपटी-तिपटीनं बदलतो. फरशीकडे बघा. नळीच्या तोंडाला दाबाची पिस्तूल आहे की नळी मोकळी वाहतेय? चोथा आधी फावड्यानं उचलतात की पाण्यानं गटारात ढकलतात? दुसरं केलं की सांडपाण्यात साखर आणि आम्ल वाढतं आणि प्रक्रिया केंद्रावरचा भार चढतो. तोडणीच्या सहा-आठ आठवड्यांत ते केंद्र पूर्ण ताकदीनं चालतं. वास येत असेल तर तेव्हाच येतो. थोडा आंबूस वास चालतो, सडक्या अंड्याचा आला तर टाकीत हवा कमी पडतेय. शुद्ध केलेलं पाणी कुठे जातं? बागेला किंवा झाडांना, हे अपेक्षित उत्तर. चोथा आणि देठांचं कंपोस्ट होऊन बागेत परत जायला हवं.

प्रमाणपत्रांबद्दल दोन शब्द. सुला ही इंटरनॅशनल वाइनरीज फॉर क्लायमेट अ‍ॅक्शन या गटात आहे. त्यात सदस्यांना आपलं कार्बन उत्सर्जन मोजून तपासून घ्यावं लागतं. मोजलेला आकडा असणं हे 'आम्ही निसर्गप्रेमी' या फलकापेक्षा कितीतरी बरं. 'ऑरगॅनिक' म्हटलं असेल तर बाटलीवर 'जैविक भारत' हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह शोधा. 'सल्फाइटमुक्त' (सल्फाइट म्हणजे वाइन टिकवणारं द्रव्य) हा दावा जपून घ्या: आंबताना यीस्ट स्वतःच थोडा सल्फाइट तयार करतं, आणि लेबलवरची सल्फाइटची सूचना ही वाइन वाईट असल्याची खूण नाही.

टेस्टिंग

क्रम असा: स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), कोरडी म्हणजे गोड नसलेली पांढरी, रोझे (गुलाबी), हलकी लाल, भारी लाल, गोड सगळ्यात शेवटी. गोड आधी घेतली की पुढची प्रत्येक वाइन आंबट लागते. ग्लास दांड्यानं धरा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघा, फिरवा, नाक आत घाला, मग छोटा घोट. तोंडात चार-पाच सेकंद फिरवा. आणि थुंका.

थुंकायचं म्हटलं की आपल्याकडे संकोच होतो. टेबलावर त्यासाठीच भांडं ठेवलेलं असतं. नसेल तर मागा. जगभर सगळे व्यावसायिक चाखणारे हेच करतात, आणि सहावी वाइन पहिलीइतकी स्वच्छ कळण्याचा दुसरा उपाय नाही. आवडली तीच एक शेवटी पूर्ण प्या. ग्लासमध्ये उरलेली वाइन संपवलीच पाहिजे असं नाही, पण न आवडणाऱ्या सहा वाइन ओतून घेण्यापेक्षा चार निवडून घेणं बरं; मोरीत गेलेल्या घोटामागेही तेवढंच पाणी आणि वीज खर्च झालेली असते.

मार्चच्या दुपारी लाल वाइन खोलीच्या तापमानाला दिली तर ती ३० अंशांवर असते आणि नुसतं अल्कोहोल नाकात चढतं. १६-१८ अंश हवेत. दहा मिनिटं बर्फात ठेवायला सांगा, त्यात काही वावगं नाही. ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरातला वास आला तर बूच खराब. दुसरी बाटली मागा. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास म्हणजे व्हिनेगरकडे झुकलेली. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी शिळी वाटली तर बाटली कालची, किंवा परवाची. काडीपेटीसारखा किंवा अंड्यासारखा हलका वास मात्र ग्लास जोरात फिरवला की पुष्कळदा उडून जातो, लगेच तक्रार करू नका. प्रत्येक वाइनमागे अर्धा ग्लास पाणी, तुमच्याच बाटलीतलं. प्लास्टिकची सीलबंद बाटली उघडण्याआधी फिल्टरचं पाणी मागून बघा. बहुतेक ठिकाणी मिळतं.

जेवण वाइनरीतच करायचं तर मेनूवर दूरदेशीचं चीज आणि पास्ता भरपूर असतो. ताजी भाजी, भरीत, कोथिंबीर वडी असं काही असेल तर ते घ्या. कोथिंबीर वडीबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन फार छान जाते, पास्त्यासोबत ती इतकी खुलत नाही. गावात पिठलं-भाकरी देणारी घरं आहेत. त्यांना निदान आदल्या दिवशी सांगा, ऐन वेळी वीस माणसं गेलीत तर अर्धं अन्न बाहेरून येतं.

बाटल्या: किती, कोणत्या, कशा न्यायच्या

चाखून आवडलेल्याच घ्या, आणि दोन बाटल्या शेजारी ठेवून वजन करून बघा. रिकामी बाटली ४०० ग्रॅमची असू शकते तशीच ९०० ची. जाडजूड काचेनं वाइन चांगली होत नाही. काच वितळवायला आणि वाहायला जास्त इंधन मात्र लागतं. साध्या वाइनच्या बाटलीचा तळाचा खोल खळगाही बहुधा दिखाऊच. रोजच्या जेवणाच्या वाइनसाठी हलकी, फिरकीच्या झाकणाची बाटली घ्या. तुमच्या गावच्या दुकानात मिळणारी वाइन इथून वाहून नेण्यात अर्थ नाही. वाइनरीतच मिळणाऱ्या मर्यादित बाटल्या घ्या.

भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास. रेल्वेनं जाणाऱ्याला चार म्हणजे खूप झाल्या. मार्च-एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका: आत ५० अंशांपर्यंत तापतं, वाइन फुगून बूच वर सरकतं आणि घरी पोचेपर्यंत ती शिजवलेल्या मनुकांसारखी लागते. बाटल्या कपड्यांत गुंडाळून पायाशी ठेवा, थर्मोकोलचा डबा मागू नका. सापुताऱ्यामार्गे गुजरातला उतरणार असाल तर एकही बाटली सोबत नको, तिथे दारूबंदी आहे. विदर्भातल्या वाचकांसाठी: वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांतही बंदी आहे.

घरी आल्यावर बुचाच्या बाटल्या आडव्या, फिरकीच्या उभ्या, अंधाऱ्या कपाटात. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाही. नाशिकच्या पांढऱ्या आणि रोझे वाइन वर्षा-दीड वर्षात प्यायच्या असतात, जपून ठेवून त्या सुधारत नाहीत. उघडलेली पांढरी फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते, लाल चार. राहिली तर भाजीच्या रश्श्यात घाला. रिकामी बाटली एकदा खळबळून झाकण वेगळं काढून भंगारवाल्याला द्या. ओल्या कचऱ्यात काच गेली की ती पुढे कोणाच्या तरी हातात घुसते.